करार वाचून दाखवणारे काका

अख्ख्या दुबईत करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच होता, आणि तो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होता. बाकीचे आम्ही सगळे ‘सही कुठे करू?’ एवढं विचारून मोकळे होणारे. शेजारचे काका लिफ्टमधली सूचनासुद्धा चष्मा पुसून मोठ्याने वाचत, आणि तोपर्यंत आमचा मजला मागे पडलेला असे. खोकल्याच्या औषधासोबतचा घडीचा कागद ते इतका मन लावून वाचत की औषध घ्यायचंच राहून जाई. मी इथल्या एका शाळेत शिकवतो म्हणून मला ते ‘मास्तर’ म्हणत. “मास्तर, कादंबरीच्या शेवटी कोणी सही मागत नाही. ती वाचली नाही तरी चालतं. जिथे सही मागतात तिथे वाचा.”

बर दुबई या जुन्या वस्तीत, देवळाच्या गल्लीजवळच्या एका टायपिंग सेंटरमध्ये त्यांनी तीस वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज आणि नोकरीचे करार टाइप करून दिले होते. पुढे काका निवृत्त होऊन मुलाच्या व्हिसावर राहू लागले. त्यांची बोटं निवृत्त झाली नाहीत. बोलताना ती सोफ्याच्या हातावर चालत राहत, आणि वाक्य संपलं की करंगळी ठामपणे एकदा आपटे.

आमच्या मुलीने, मुक्ताने, जर्मनीला ओ-पेअर म्हणून जायचं काढलं, तेव्हा साहजिकच प्रकरण काकांकडे गेलं. एका कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, भाषा शिकायची. बदल्यात खोली, जेवण आणि हातखर्च. “म्हणजे मोलकरीणच की!” माझी बायको म्हणाली. “आई, प्लीज! इट्स अ कल्चरल एक्स्चेंज!” मुक्ताने दार आपटलं. शेवटी ठरलं की काका ‘जा’ म्हणाले तरच जायचं.

काकांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी फाइल घेऊन आले आणि बोटं चालू झाली. वय सत्तावीसच्या आत, आहे. जर्मनची पहिली परीक्षा, पास. विमा आहे, स्वतंत्र खोली आहे. रोज सहा तासांपेक्षा जास्त काम नाही, तेही लेखी आहे. “कागद सगळे आहेत,” करंगळी आपटून काका म्हणाले, “पण पोरगी कच्ची आहे. हिला ‘पुरे’ म्हणता येत नाही.”

मग त्यांनी आमच्या घरात जर्मनी उघडली. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाची दीड वर्षांची जुळी मुलं शनिवारी सकाळी आणवली, मुक्ताच्या हवाली केली, आणि स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन स्वतः सोफ्यावर बसले. गजर झाला की हातातलं काम तिथेच ठेवून ‘माझे आजचे तास संपले’ म्हणायचं, एवढीच परीक्षा. सहा तासांनी गजर झाला. “यल्ला, चल, बोल!”

“काका, ही इज स्टिल ईटिंग!” मुक्ताच्या हातात चमचा होता.

“चमचा राहू दे. बोल.”

“सॉरी, माझे आजचे तास संपले...”

“सॉरी कशाला? तू काय चोरी केलीस? पुन्हा!”

तिने आधी भात भरवला, तोंड पुसलं, मग वाक्य म्हटलं. नापास. पुढच्या शनिवारी पुन्हा नापास. तिसऱ्या शनिवारी ती रडकुंडीला आली. “दहा मिनिटांनी काय होतं, काका? व्हाय आर यू सो स्ट्रिक्ट?”

काकांनी घड्याळ खाली ठेवलं. “लोकांच्या घरी कामाला आलेल्या मुली माझ्यासमोर बसायच्या. तुझ्याच वयाच्या. तास किती, सुट्टी कधी, सगळं मीच टाइप करायचो. बाहेर रांग असायची. मी फक्त सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. एकीलाही वाचून दाखवलं नाही.” त्यांची बोटं सोफ्याच्या हातावर पहिल्यांदाच थांबलेली मी पाहिली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “नापासच आहेस. पण जा.” आणि तिचा करार त्यांनी आम्हाला मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मध्ये दोनदा चहा झाला. मुक्ता एकदाही उठली नाही.

ती जर्मनीला गेल्यावर दर रविवारी फोनवर काकांचा एकच प्रश्न असे. “बोललीस का?”

“नाही, काका. खूप चांगली माणसं आहेत हो.”

“मग चांगल्या माणसांना सांगून बघ. त्यांना तरी कळेल.”

जानेवारीत काका गेले. समोर विजेचं बिल होतं, चष्मा डोळ्यांवर होता. मुक्ताला मी कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, त्या दिवशी केला. मागे लहान मूल काहीतरी आपटत होतं. काका गेल्याचं मी सांगितलं. मग तिने घरातल्या बाईंना जर्मनमध्ये एकच वाक्य सावकाश सांगितलेलं मला ऐकू आलं. दार लागलं. मुलाचा आवाज थांबला.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“काकांचं वाक्य. सॉरी न म्हणता.”

“तास संपले होते?”

“नाही, बाबा. दोन बाकी होते. पण त्यांनी बाळाला घेतलं. काहीच विचारलं नाही.”

हे करारातल्या कुठल्या कलमात बसतं, ते शोधायला काकांनी आठवडा घेतला असता. आणि मग आम्हाला सगळ्यांना बसवून ते कलम शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवलं असतं.