खिडकीजवळची जागा

काशीतले प्रत्येक बंद दार केवळ आपल्या येण्याची वाट पाहत बंद राहिले आहे, अशी दृढ श्रद्धा बाळगणारा मनुष्य मी एकच पाहिला, आणि तो माझा सहाध्यायी निघावा हे माझे भाग्य. मुन्शी घाटावरच्या एका जुन्या कोठीत, दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या पाठशाळेत आम्ही सहा वर्षे एकत्र अध्ययन केले. पुढे मी व्याकरणात रमलो; ते रेल्वेत गेले. निवृत्त झाल्यावर मात्र जुन्या वास्तूंचे दर्शन हेच त्यांचे नित्यकर्म झाले. जुनी इमारत दिसली की ते पादत्राणे बाहेर काढतात; त्यांची बँक एका हवेलीत आहे, म्हणून तिथेही अनवाणी जातात. भिंतीवर छत्रीची मूठ आपटून आत गुप्त जिना आहे की नाही, हे सांगतात. एकदा शिंदे घाटावर असे ठोकत असता पलीकडून "कौन है?" असा त्रस्त आवाज आला. "पाहिलंस? पोकळ आहे आणि वस्तीही आहे," असे मला सांगून ते प्रसन्न चित्ताने पुढे निघाले.

त्यांचा एक दावा मात्र कोणीच मानत नसे. पाठशाळेच्या खिडकीतून गंगेपलीकडचा रामनगरचा किल्ला दिसायचा, असे ते आयुष्यभर सांगत आले. मीही त्याच खोलीत शिकलेला. त्यामुळे त्यांच्या घरच्यांनी मला साक्षीला बोलावले. खिडकीसमोर शेजारच्या कोठीचा सज्जा होता, किल्ला नव्हता, अशी साक्ष मी दिली. तेव्हापासून घरात कोणी थाप मारली की नातवंडे "आजोबांचा किल्ला" म्हणून हसतात. पण त्यांना ते लागते, हे मला ठाऊक होते.

यंदा माघात एका रविवारी शहरातल्या जुन्या वास्तू सर्वांना पाहण्यासाठी खुल्या झाल्या. त्यात आमची कोठीही होती. लवकरच तिचे हॉटेल होणार, आतल्या भिंती पडणार, असे कळले होते. माझी संध्या आटोपण्यापूर्वीच ते दारात उभे. "शास्त्रीबुवा, देव कुठे जात नाहीत. खिडकी जाईल."

कोठीत खालचे दालन पाहून मंडळी अंगणात वळली. हे मला घेऊन सरळ जिना चढले आणि पाठशाळेची कडी त्यांनी काढली. मागून वाट दाखवणारी मुलगी धावत आली.

"बाबूजी, यह किसने खोली?"

त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. "किसकी? हमारी खोली है, बेटा. बचपन से."

तिचे क्रियापद यांनी मराठी नाम करून टाकले होते. वैयाकरण या नात्याने खुलासा करणे माझे कर्तव्य होते; मी गप्प राहिलो. मुलगी हसली. "तो आराम से देखिए."

खिडकी उघडली. समोर सज्जा. ते टाचा उंचावून, डावीउजवीकडे झुकून पाहू लागले. सज्जाच.

"हा तेव्हाही होता?"

"होता," मी म्हणालो. इतके खरे बोलून इतके वाईट मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

ते चौकटीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "पण अरे, आपण इथे उभे कधी होतो?" आणि माझ्या खांद्याचा आधार घेत, गुडघ्यांना विनवीत, ते जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी समोर पाहिले. मग शेजारची फरशी थोपटली. मी बसलो.

सज्ज्याच्या खालून गंगा दिसत होती, आणि पलीकडच्या काठावर, दूर, फिकट ऊन अंगावर घेतलेला किल्ला.

माझी जागा पुढे, गुरुजींच्या समोर असे. पोथीवरची माझी दृष्टी ढळत नाही, याचे गुरुजी सर्वांदेखत कौतुक करीत. सहा वर्षांत मी एकदाही मान वळवली नव्हती.

"घरी मी सांगतो," मी म्हणालो.

"सांगशील रे. घाई काय आहे?" ते म्हणाले. "बस जरा. आता कोणी कान धरायला येत नाही."