झुडपातली कारळाची चटणी

ती पुडी माझी होती. वीसेक वर्षं झाली, हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलेलं नाही. मोहिमेचं बाकी सगळं गुप्त ठेवायचा हुकूम होता. हे गुप्त ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोहीम कुठली आणि कशासाठी, ते आजही लिहिणार नाही. तशी ती लिहिण्याजोगी नव्हतीही. लोकांना वाटतं, कमांडो म्हणजे हेलिकॉप्टरमधून उड्या. आम्ही चौघं आणि आमचे साहेब, असे पाच जण डोंगराच्या उतारावर एका झुडपात पालथे पडून खालच्या पायवाटेवर नजर ठेवून होतो. बोलायचं नाही, चूल नाही, खोकला आला तर टोपी चावायची.

सगळ्यांत कडक नियम वासाचा. आठवडाभर आधीपासून साबण बंद, तेल बंद, तंबाखू बंद. आमच्यात माणसं जोडीनं नेमतात आणि जोडीदाराला बडी म्हणतात. निघताना बडीनं बडीची पिशवी उपसून तपासायची. माझा बडी गढवालचा. त्यानं माझी पिशवी तपासली, मी त्याची. तिथंच मी अक्कल चालवली.

माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. बायको पाचोडची. रजा संपवून निघताना तिनं भरपूर लसूण घालून कुटलेली कारळाची चटणी पुडीत बांधून दिली होती. माझ्या पिशवीत ठेवली असती, तर बडीला सापडली असती. म्हणून मी ती त्याच्या पिशवीत तळाशी सारली. ती तपासणारा मीच होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका मेंढपाळाचा कुत्रा वर आला. नाक फेंदारत थेट झुडपापुढं बसला आणि शेपटी हलवायला लागला, जसं काही आम्ही त्याला पंगतीला बोलावलंय. खालून मेंढपाळानं शीळ घातली. कुत्रा ढिम्म. त्यानं दगड भिरकावला, तो कुत्र्याला चुकवून माझ्या बरगडीत बसला. मी हूं की चूं केलं नाही. त्या मोहिमेतली माझी मर्दुमकी एवढीच.

कुत्रा गेला, पण मेंढपाळ झुडपाकडं बराच वेळ बघत उभा राहिला होता. साहेबांनी धोका पत्करला नाही. अंधार पडताच आम्ही मागं फिरलो, आणि आमचं काम दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीनं केलं.

तळावर साहेबांनी पाचही पिशव्या उलट्या केल्या. बडीच्या पिशवीतून पुडी पडली.

"ये किसका है?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. उघडलं नव्हतं. बडी माझ्याकडं न बघता म्हणाला, "मेरा है, साब."

प्रशिक्षकांच्या कोर्ससाठी त्याचं नाव पहिलं होतं. ते कापलं गेलं आणि त्याच्या जागी मी गेलो. तो दीड वर्ष स्टोअरमध्ये दोरखंड वाटत बसला. त्या कोर्सच्या जोरावर पुढं मला बढत्या मिळाल्या, आणि आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळालीय. काम काय, तर गेटवर लोकांच्या पिशव्या तपासून घेणं. त्याला मात्र जुने लोक भेटले की अजून विचारतात, "आज झोले में क्या लाया?" तोही सगळ्यांबरोबर हसतो.

गेल्या महिन्यात तो वेरूळ बघायला म्हणून छावणीजवळच्या माझ्या घरी उतरला. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं भाकरी-पिठल्याशेजारी नेमकी कारळाची चटणी वाढली. त्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ठसका लागेस्तोवर हसला.

"भाभी, इसके लिए डेढ़ साल रस्सी बाँटी है. खा आज पहली बार रहा हूँ."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुत्र्याची नक्कलसुद्धा करून दाखवली.

बायको माझ्याकडं वळली. "तुम्ही तर म्हणाले होते, साऱ्यांनी बोटं चाटून खाल्ली."

"साहेबांनी जप्त केली."

"म्हंजे वाया गेली. सोललेला लसूण होता तिच्यात."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. माझं ताट रिकामंच होतं.

मी धीर करून त्याला विचारलं, "तूने अपने सर क्यों लिया?"

"नई दुल्हन के हाथ की चीज़ थी, यार. साब मेज़ पर पटक के गाली देते, अच्छा लगता?" मग घास तोडत म्हणाला, "तेरे को क्या लगा, तेरे लिए लिया?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. हसून झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुमच्या साहेबांना सांगितलं का?"

"नाय."

"हायेत ना ते?"

"हायेत. पुण्याला."

"मंग?"

बडी म्हणाला, "छोड़ो भाभी, पुरानी बात है."

तिनं बाजारात शिकलेल्या हिंदीत त्याला सुनावलं, "तुमने छोड दिया भाऊजी, वो तुम्हारा मोठेपणा. इनोंने नई छोडना."

पुढच्या महिन्यात जुन्या लोकांचा मेळावा आहे. साहेब येतील, बडी येईल, आणि कुणीतरी त्याला झोल्यावरून चिडवेलच. तो कोर्स त्याचा होता आणि चूक माझी होती, हे साहेबांना सगळ्यांदेखत उभं राहून सांगणं, एवढं मी अजून त्याचं देणं लागतो.