बाजाराच्या दिवशीची खोली

आमची खोली ताडकळसच्या आठवडी बाजाराला अगदी लागून होती. खिडकी उघडली की मेथीच्या जुड्या हाताला येतील इतकी. सरकारी दवाखान्याची ती मागची खोली, पूर्वी तिथं औषधांची खोकी ठेवायचे. बाजाराच्या दिवशी मी परभणीहून एसटीनं यायची, कुलूप उघडायची, दोन खुर्च्या पुसायची आणि बसायची. माझं काम समुपदेशकाचं. ज्या लेकरांना मनाची तकलीफ आहे त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं आणि गरज पडली तर परभणीच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायचं.

सुरुवातीला दारावर पाटी होती आणि पाटीत 'मानसिक' हा शब्द होता. झालं! त्या दाराकडं कुणी फिरकेना. एक बाई तर पाटी वाचून लेकराला ओढत अशी पळाली की पाटी बघूनच रोग लागणार होता जणू. मला राग लवकर येतो आणि तो मी फार लपवत बसत नाही. पाटी काढली, कपाटामागं टाकून दिली. मग सगळं आपोआप जमलं. बाजाराच्या गर्दीत कोण कुठल्या दारात शिरलं ते कोण बघतंय? हातात पिशवी असली की माणूस बाजारालाच आलेला असतो. कुणी खोदून विचारलंच तर बाया सांगायच्या, बीपी बघायला गेले होते.

त्यातून एक रीत पडून गेली. आई लेकराला माझ्यासमोर बसवायची, दोन वाक्यं बोलायची आणि म्हणायची, "तुमी तेवढं बघा हिच्याकडं, मी मिरच्या घेऊन येते." आणि जायची. मग मिरच्या व्हायच्या, लसूण व्हायचा, केरसुणी व्हायची, माहेरची कुणीतरी भेटायची. तेवढा वेळ ते लेकरू आणि मी, दोघंच. ज्या घरात सगळे एकाच खोलीत झोपतात तिथल्या लेकराला असा एकांत दुसरा कुठं मिळणार? हे कुणी ठरवून केलं नव्हतं. बाजारानंच ते करून दिलं होतं. आजही कुठं ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला ती खोली आठवते आणि जीव कासावीस होतो.

तिथंच एक पोरगी आली. नववीतली, जवळच्याच खेड्यातली. घरात दिवसभर टकळी चालू, पण शाळेच्या फाटकात पाय पडला की दातखीळ बसायची. हजेरीला 'हजर' म्हणता येत नव्हतं. सर म्हणायचे पोरगी घमेंडी आहे. चुलती म्हणायची नजर लागलीय. आई बिचारी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि शेवटी तिला माझ्याकडं घेऊन आली.

कितीतरी बाजार ती माझ्यासमोर गप्प बसून राहिली. मीही बसायची. खिडकीतून दोघी बाजार बघायचो. एक दिवस मी असंच काहीतरी कागद चाळत होते आणि ती खिडकीकडं बघत म्हणाली, "ती बाई वांगी निवडू देत न्हाई."

ते तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी बघितलं तर खरंच, पिंपळाखालची वांगीवाली गिऱ्हाइकाच्या हातावर चापट मारून स्वतःच्या मनानं वांगी तोलत होती. त्या बाईवर आम्ही दोघींनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. मग कळलं की पोरीला अख्खा बाजार पाठ आहे. कोण कुठं बसतं, तोलताना कोण काटा मारतं, कोण जाताना मूठभर जास्त घालतं. बाजाराविषयी बोलताना तिचा आवाज मोकळा व्हायचा. मी तेवढंच धरून चालले. आधी दारापर्यंत गेलो, मग पहिल्या दुकानाच्या पालापर्यंत. एके दिवशी गुळात घोळलेल्या गुडीशेवेच्या गाड्यासमोर उभी राहून ती अनोळखी माणसाला स्वतःच्या तोंडानं 'पाव किलो' म्हणाली. मला इतका आनंद झाला की त्यातली निम्मी गुडीशेव मी एकटीनंच संपवली. पुढच्या बाजाराच्या आत शाळेत सरांना एक प्रश्न विचारायचा, असं तिचं तिनंच ठरवलं.

तो पुढचा बाजार भरलाच नाही. साथ आली आणि सगळं बंद झालं. शाळा बंद, एसटी बंद, बाजार बंद. आमच्या खोलीत मास्क आणि सॅनिटायझरची खोकी आली. मला परभणीत ताप आलेल्या घरांना फोन करायला बसवलं आणि वरून हुकूम आला की लेकरांची सेवा फोनवरून चालू ठेवा. जसं काही फोन उचलला की झाली सेवा! काहींचे नंबर लागेनात. काहींचा फोन मोठ्या भावाबरोबर रानात असायचा. जिंतूरकडचा एक मुलगा, ज्याच्या झोपेची मला लय फिकीर होती, त्याच्या घरचा नंबर बंद झाला तो पुन्हा कधी लागलाच नाही. तो कसा आहे हे मला आजही माहीत नाही आणि ते आठवलं की वाईट वाटतं.

या पोरीच्या घरचा फोन मात्र लगेच लागला. लागला आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्या एकटीशी बोलत नाही, साऱ्या घराशी बोलतेय. आपल्याकडं खेड्यात फोन हा घराचा असतो. आला की स्पीकर लावायचा, मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं, म्हणजे कुणाला वेगळं सांगायला नको. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. लपवण्यासारखं काय आहे, हाच त्यांचा प्रश्न. मी पोरीला विचारायची, झोप लागते का? चुलती सांगायची, लागते की, सकाळी उठवलं तरी उठत न्हाई. मी विचारायची, जेवण? वडील म्हणायचे, जेवणाला काई कमी न्हाई मॅडम. मधेच म्हैस हंबरायची. पोरगी एक शब्द बोलायची नाही.

मी वडिलांना सांगितलं, स्पीकर बंद करा, मला फक्त तिच्याशी बोलायचंय. ते म्हणाले, बंद केलाय मॅडम. आणि मागून चुलतीचा आवाज आला, "मॅडम काय म्हणायल्या?"

मी फोन ठेवून टेबलावर हात आपटला. शेजारी बसलेल्या नर्सबाई दचकल्या.

काही दिवसांनी आईचा फोन आला. रानातून करत होती, दबक्या आवाजात. म्हणाली, मॅडम, आता ती घरात बी बोलंना झालीय. नुसती कोपऱ्यात बसून ऱ्हाते. तिचे वडील म्हणायलेत, शाळा उघडली तरी हिला धाडायची न्हाई. मी लगेच वडिलांना फोन लावला आणि जमेल तेवढ्या सबुरीनं विचारलं, कामून, का नाही धाडायची? ते रागावले नाहीत, उलट थकल्यासारखे म्हणाले, जी घरात बोलंना ती शाळंत जाऊन काय करणार? लोक हसतेत. ऱ्हाऊ द्या घरी, पुढचं पुढं बघू. घरी बसलेल्या पोरीचं 'पुढचं' म्हणजे काय, ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी कायद्याचं बोलले, लग्नाच्या वयाचं बोलले. ते हो हो म्हणाले. त्या होकाराला काही अर्थ नाही हे मला कळत होतं. नववीतली हुशार पोरगी हातातून चालली होती आणि माझ्याकडं होता फक्त तो स्पीकरवरचा फोन. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

पुढचा फोन नेमका बाजाराच्या दिवशी केला. पुन्हा तेच, सगळं घर भोवती, पोरगी गप्प. बोलायला काही सुचेना म्हणून मी वैतागून म्हटलं, आज बाजार असता तर आता कसा गजबजला असता. आणि ते घर एकदम जागं झालं. चुलतीनं मोठा उसासा टाकला. वडील म्हणाले, बैलांच्या कासऱ्याचा दोर घ्यायचा राहून गेला. चुलती म्हणाली, त्या दोरवाल्यापाशी नका जाऊ, हापशाजवळचा चांगला. वडील म्हणाले हापशाजवळ दोरवाला न्हाई, चपलावाला बसतो. दोघं भांडायलाच लागले. मी ऐकत राहिले, कारण मलाही तो बाजार डोळ्यांपुढं दिसत होता. चुलती म्हणाली, आन् ती वांगीवाली चपलावाल्याच्या शेजारीच.

"न्हाई," पोरगी म्हणाली. "ती पिंपळाखाली बसते."

सगळे चूप. म्हैससुद्धा. मला वाटलं आता कुणीतरी 'बोलली, बोलली' म्हणून ओरडणार आणि वाटोळं होणार. म्हणून मी घाईनं विचारलं, बरं, आणि तिच्या पलीकडं कोण? तिनं सांगितलं. त्याच्या पलीकडं? तेही सांगितलं. अशी ती एकेक पाल ओलांडत शेवटच्या चुरमुऱ्याच्या भत्तेवाल्यापर्यंत गेली. वडिलांना दोरवाला कुठं बसतो तेही तिनंच दाखवलं. ते म्हणाले, अस्सं व्हय.

मग दर बाजाराच्या दिवशी आमचा बाजार फोनवर भरायला लागला. ज्या स्पीकरला मी शिव्या घातल्या तोच मधे ठेवून. सगळ्यांना काही ना काही घ्यायचं असायचं आणि वाट पोरगी दाखवायची. त्या घरात आतापर्यंत 'बोल, बोल' म्हणून तिच्या मागं लागणारे लय होते, पण तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं पहिल्यांदाच होत होतं. बाहेर बातम्या वाईट होत्या. त्यांच्या गावातलीही दोन-तीन ओळखीची माणसं गेली. त्या दिवसांत बाजार जरा हळू चालायचा, पण भरायचा.

एकदा ती नेहमीसारखी निघाली. मेथी झाली, मिरची झाली, आणि पालांच्या रांगेतून बाहेर पडून ती म्हणाली, पुढं मॅडमची खोली. मी विचारलं, खोलीत कोण आहे? ती म्हणाली, मी. चुलती खाकरली तेवढं ऐकू आलं. मीही बोलले नाही, बोलले असते तर बिघडलं असतं.

"मला शाळेत जायचंय," ती म्हणाली. "भ्याव वाटतंय, घसा दाबल्यागत होतंय. पण मला जायचंय."

सगळ्या घरासमोर बोलली. आता वडील काय म्हणतील याचाच मला धाक पडला. पण आधी आवाज आला तो आईचा. ती माउली स्पीकरवर कधीच बोलायची नाही, नवऱ्या-जावेसमोर गप्प बसायची. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमी तेवढं बघा हिच्याकडं, मी मिरच्या घेऊन येते."

मला आधी उमगलंच नाही. मग तिच्या बांगड्या वाजल्या, ती उठली असणार. चुलतीला म्हणाली, चला बाई, तुमाला केरसुणी घ्यायचीय न्हवं? चुलती कुरकुरत उठली. मग वडिलांचा घसा साफ केल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, मला बी दोर बघायचाय. चपला वाजल्या, दार ओढल्याचा आवाज आला. सगळं घर अंगणात जाऊन उभं राहिलं. बाजारात!

पोरगी हळूच म्हणाली, गेले सगळे. आणि तिनं स्पीकर बंद केला. तिचा आवाज एकदम जवळ आला, थेट माझ्या कानात. त्यानंतर ती काय काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण मी फोन खाली ठेवला तेव्हा कान गरम झाला होता आणि नर्सबाईंनी ठेवलेल्या चहावर साय आली होती.

शाळा उघडली तेव्हा वडीलच तिला मोटारसायकलवर सोडून आले. पहिल्या दिवशी ती 'हजर' म्हणाली नाही, हात वर केला. सरांना मी आधीच फोनवर खडसावून ठेवलं होतं, त्यामुळं त्यांनी तो हात चालवून घेतला. पुढं आवाजही निघायला लागला, कधी निघाला, कधी नाही.

आता परभणीत या कामाला छान रंगवलेली खोली आहे. गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर चित्रं आणि दारावर तशीच पाटी, त्याच शब्दाची. शहरातली माणसं आता उघडपणे येतात, टेन्शन, डिप्रेशन हे शब्द सहज बोलतात. ते त्या साथीनंच शिकवलं, आणि ते चांगलंच झालं. पण ताडकळसकडची बाई लेकराला घेऊन परभणीला निघाली की अर्धं गाव विचारतं, कशाला? ती बाजारालगतची खोली परत द्या म्हणून मी रिटायर होईपर्यंत भांडले. 'बघू' म्हणाले. बघतच आहेत.

गेल्या हिवाळ्यात काही काम नसताना मी बाजाराच्या दिवशी ताडकळसला उतरले. बाजार भरला होता, तसाच. खोलीची खिडकी बंद, आत अजून खोकीच. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते, डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात पिंपळाखालून भांडणाचा आवाज आला. बघायच्या आधी मी तो आवाज ओळखला.

"मावशी, निवडल्याबिगर मी घेणार न्हाई. हात काय मारता?"

पोरगी चांगली उंच झालीय. खांद्याला कॉलेजची बॅग, मागं आई पिशवी धरून उभी. वांगीवाली काहीतरी पुटपुटली, मग तिनं वांग्यांचं डालगं पोरीपुढं सरकवलं. पोरगी खाली बसली आणि एकेक वांगं फिरवून बघायला लागली. हाक मारावी असं लय वाटलं. पण मी जागची हलले नाही, मधे बोलून तिचा सौदा बिघडवायचा नव्हता.