छोटूची शतपावली

आमच्या घरात शतपावली घातल्याशिवाय जेवण पूर्ण होत नाही. हा नियम माझा आहे आणि मी तो साऱ्या बालाघाटला ऐकवत असतो (कोणी विचारलं नाही तरी).

मुलीची बदली झाली आणि तिचा ग्रेट डेन कुत्रा, छोटू, आमच्याकडे आला. हा छोटू नुसता उभा राहिला तरी त्याचं तोंड थेट जेवणाच्या टेबलावर येतं. निघताना मुलीने बजावलं, "बाबा, एवढ्या मोठ्या कुत्र्यांचं पोट नाजूक असते. थोडं थोडं चारा, अन् खाल्ल्यावर निजू द्या."

जेवून लगेच निजायचं? माझ्या घरात?

एका रविवारी वारासिवनीहून मेहुणा नवा तांदूळ घेऊन आला. छोटूने दूधभाताचं अख्खं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मी पट्टा उचलला.

"अवो, त्याले झोप येऊन राह्यली," बायको म्हणाली.

"म्हणूनच नेतो. भात जिरला पाह्यजे."

कोपऱ्यावर मांजर दिसलं आणि शतपावलीची शर्यत झाली. मी पट्ट्याच्या मागच्या टोकाला होतो.

घरी आल्यावर छोटू मान खाली घालून उभा राहिला. लाळ गळत होती, उमासे येत होते, पण पडत काहीच नव्हतं. पोट टणक फुगलं होतं.

"गॅस झाला. ओवा दे त्याले," मी म्हणालो.

"ओवा तुमीच खा," असं म्हणून बायकोने शेजाऱ्याची तांदळाची पोती वाहणारी गाडी बोलावली. दवाखान्यापर्यंत छोटूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मला रडू आवरत नव्हतं. मुलीला काय सांगणार होतो मी?

डॉक्टरांनी नळी घालून पोटातली हवा काढली तेव्हा कुठे छोटूने शेपूट हलवलं.

"वाचला. पोटाले पीळ बसला असता तं हातचा गेला असता," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हे लय होते. जेवल्याबरोबर याले पळवलं कोणं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. छोटूनेही पाहिलं.

तेव्हापासून घरात नवा नियम आहे. छोटू थोडं थोडं खातो आणि खाल्ल्यावर पडून राहतो. तो उठू नये म्हणून त्याच्या अंगावर हात टाकून मीही शेजारी आडवा होतो. शिस्तीचा माणूस असल्याने एकही दुपार चुकवलेली नाही.

परवा त्याला तपासायला नेलं. डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं. "एकदम मस्त." मग त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या ताणलेल्या बटणांवर थांबली.

"काका, तुमी मात्र जेवल्यावर जराशी शतपावली घालत जा."