कुंकू लावलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आता तरी कशाला सांगतोय, देव जाणे.

आमच्या मालकांची कोल्हापुरात दोन थिएटरं, सांगलीत एक. एकोणीसशे सत्तरच्या आसपास त्यांनी थेट आफ्रिकेत, नैरोबीत आणि मोंबासात, थिएटरं काढली. अख्ख्या पेठेत नुसती हवा! मी ऑफिसात पत्रं लिहायचो. नैरोबीचं सिनेमाचं मशीन चालवायला गेला दत्तू — शिवाजी पेठेतला माझा जिवाभावाचा दोस्त. जाताना म्हणाला, ऑफिसची पत्रं मालक सांगतील तशीच येणार; पण ज्यावर अंबाबाईचं कुंकू लावशील, ते तुझं स्वतःचं धरीन. चार वर्षं मी तो शब्द पाळला.

मग मालकांनी तिकडची थिएटरं विकली. ताबा देईपर्यंत तिथं कुणाला कळता कामा नये, असं मला बजावलं — ऑपरेटर पळाला तर बंद थिएटर कोण घेणार? नेमकं तेव्हाच दत्तूचं पत्र. इथलं घर विकून बायकोपोरींना बोलावतोय, पण थिएटर विकणार अशा वावड्या उठल्यात, खरं काय ते कळव.

मी लिहिलं, काही नाही, वहिनींना खुशाल बोलाव. एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नुसत्या पत्रावर तो विसंबणार नाही, हे मला ठाऊक होतं की! नोकरीला भ्यालो. देवळात गेलो, कुंकू आणलं आणि लावलं. हे बोट माझंच? अजून बघतो आणि हादरतो.

वहिनी घर विकून दोन पोरींना घेऊन निघाल्या. स्टेशनवर पोचवायला मीच. त्या पोचल्या आणि महिन्याभरात ताबा गेला. नव्या मालकानं आपला ऑपरेटर आणला.

वर्षभरानं चौघं परत आली, ती मलकापूरला चुलत्याच्या एका खोलीत. मी गेलो — शिव्या खायच्या तयारीनंच. चुलता माझ्यावर खेकसला, ऑफिसात बसून तुला कळलं न्हाय व्हय? तर दत्तूच मधे पडला.

"त्येला बोलू नगासा. त्येला ठाव असतं तर त्येनं कुंकू लावलंच नसतं की."

तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? चहा आला, तो प्यालो आणि परतीची एसटी धरली.

दत्तू तसाच गेला, काही न कळता. वहिनींना भाऊ नाही. दर भाऊबीजेला त्या मला ओवाळतात, कुंकू लावतात — आणि मी कपाळ पुढं करतो.