"आई सांगेल" चालणार नाही

नाशिकच्या वेशीवरच्या आमच्या शाळेत नववीला आरोग्य आणि जीवनकौशल्यांचा तास मी घेते. हात कसे धुवावेत, झोप किती हवी, हे पुस्तकात आहेच. पण घोड्याएवढी झालेली मुलं डॉक्टरपुढे बसली की तोंडाला कुलूप लावतात आणि सगळी तक्रार आई सांगते, हे मला सहन होत नसे. मी तशी तापटच. म्हणून वर्गातच दवाखाना काढला.

टेबलामागे डॉक्टर, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप म्हणून उडीची दोरी. समोर पेशंट. पेशंटनं तीनच गोष्टी सांगायच्या: काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं. "आई सांगेल" आणि "काही नाही" ही दोन उत्तरं बंद. जो देईल त्यानं फळा पुसायचा.

पहिला आठवडा फळा चकाचक होता. "काय होतंय?" विचारलं तर एक जण म्हणाला, "काल मिसळ खाल्ली."

"अरे, ते कारण झालं. होतंय काय?"

"आई म्हणाली होती, तर्री जास्त घेऊ नको."

वर्गाची हसून मुरकुंडी वळली. आमच्याकडे आजार सांगताना आधी चूक कोणाची ते सांगतात; दुखतंय कुठे ते शेवटी, तेही वेळ उरला तर. हळूहळू मात्र पोरं बोलायला लागली. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात कळा येतात, असं एका मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं आणि कोणी हसलं नाही. त्या दिवशी मी इतकी खूश झाले की स्टाफरूमला चहा पाजला.

हे सगळं शिकवणारी मी मात्र स्वतः गप्प होते. दोन वर्षं माझा डावा कान मंदावत चालला होता. घरी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. कळलं तर वर्ग हातातून जाईल, मला ग्रंथालयात पुस्तकं लावायला बसवतील, याची धास्ती होती. शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही. शाळेमागे द्राक्षाच्या बागा आहेत. डावीकडून कोणी काही बोललं की मी खिडकीकडे हात करायची, "फवारणीचा ट्रॅक्टर चाललाय, पुन्हा सांग." बरं, वही दाखवायला मुलं नेहमी माझ्या उजव्या हाताला रांग लावायची. ही माझी शिस्त, असं मी स्टाफरूममध्ये मिरवूनही घेतलं होतं.

एका शुक्रवारी वर्गानं हट्ट धरला, आज मॅडम पेशंट. डॉक्टर झाली हरसूलहून मामाकडे शिकायला आलेली मुलगी. बोलणं कमी, नजर तिखट. दोरी गळ्यात घालून ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं काहीतरी विचारलं असावं, कारण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सवयीनं खिडकीकडे हात केला, "ट्रॅक्टर..."

ती शांतपणे फिरून उजवीकडे आली. "मॅडम, आज ट्रॅक्टर नाय आला."

मी हात खाली घेतला.

"कानाला काय होतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"फळा!" अख्खा वर्ग ओरडला आणि तेवढ्यात घंटा झाली.

सगळे गेले तरी ती थांबली. "आमाला दिवाळीपासून माहीत हाय, मॅडम. म्हणून तर आमी समदे तुमच्या उजव्या अंगाला येतो. तुमाला कळलंच नाय?"

मला खरंच कळलं नव्हतं. जो वर्ग हातातून जाईल म्हणून मी भीत होते, तोच इतके महिने मला सांभाळून घेत होता. मला रडू आलं आणि माझ्या त्या शिस्तीचं हसूही आलं.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. नवरा सोबत होता. "काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं, तर हाच सुरू झाला, "हिला ना..."

"तुम्ही थांबा," मी म्हणाले आणि माझी तीन उत्तरं धडाधड सांगून टाकली. बाहेर आल्यावर हा म्हणाला, "घरी का नाही सांगितलंस?"

कानात मशीन लावून वर्गात गेले, तेव्हा पोरं सवयीनं उजवीकडेच जमली. हरसूलची ती मुलगी तेवढी डावीकडे आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, फळा पुसायचा राह्यलाय."

मला स्पष्ट ऐकू आलं. मी डस्टर घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा फळा पुसला.