माळ काढली, तार राहिली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दत्तालाही नाही. तुम्ही म्हणाल, तुझ्यासारख्या बडबड्याच्या पोटात काही राहतं? राहतं. वर भरपूर बडबड रचली की तळाचं दिसत नाही.

आधी माझा धंदा सांगतो. मी मशीनना वेळेवर घाबरायला शिकवतो. पात्याखाली हात गेला की मशीन थांबलं पाहिजे. वायर तुटली, वीज गेली, उंदराने काही कुरतडलं — तरी थांबलंच पाहिजे. मशीन आज ना उद्या बिघडणारच; बिघडताना ते माणसाच्या बाजूने बिघडावं, एवढंच माझं शास्त्र. त्यात मी चांगला आहे, हे आजही छातीठोक सांगतो. बायको म्हणते, मिक्सरचं झाकण लावतानाही हा भाषण देतो.

दत्ता माझा मावसभाऊ, वयाने मोठा. घोडपदेवच्या एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. जुनं मशीन — पायाने पेडल दाबलं की पातं खाली. त्याला सेन्सर मी बसवला. पात्यासमोर न दिसणारा किरण. काही आडवं आलं की पातं जागीच थांबणार. दत्ताला म्हटलं, आता डोळे मिटून काम कर. त्याने विश्वास ठेवला. घरातला इंजिनीअर ना मी!

मग दसरा आला. मशीनची पूजा; मलाही बोलावलं होतं. मालकांच्या आईने स्वतःच्या हाताने झेंडूची जाडजूड माळ घातली — नेमकी किरणाच्या आड. मुहूर्ताचा कागद कापायला दत्ताने पेडल दाबलं, तर पातं हलेना. म्हणजे माझं काम अगदी चोख! पण मालक माझ्या कानाशी आले, "साहेब, दसऱ्याला मशीन अडलं? आईला काय सांगू?" माळ बोटभर सरकवता आली नसती? आली असती. पण सगळ्यांसमोर माझं मशीन अडलेलं मला बघवेना. मागचं झाकण उघडलं, तारेचा एक तुकडा जोडला, सेन्सरला वगळलं. पातं झपकन खाली. टाळ्या. जिलेबी खाऊन तार काढू, म्हटलं. जिलेबी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ काढली. तार राहिली.

त्याच आठवड्यात दत्ताची दोन बोटं गेली.

फोन आल्यावर मी कुठे धावलो असेन — हॉस्पिटलात? नाही. आधी छापखान्यात. सगळे दत्ताबरोबर गेले होते. तार काढून खिशात टाकली. संध्याकाळी मालकांसमोर किरणात पुठ्ठा धरला, पातं थांबलं. म्हटलं, बघा, चालतंय. घाईत दत्तानेच सेन्सर वाकवला असणार, मी आता सरळ केला. दत्ताला विचारलं तर तो म्हणाला, "असेल रे बाबा. मीच धांदरट."

इथवर निव्वळ भ्याडपणा. पुढचं त्याहून वाईट — मी त्याची गोष्ट केली. आमच्याकडे गोष्टी मीच सांगतो. गणपतीत आरती झाली की पोरं मागे लागतात, "काका, दत्ताकाकाचं मशीन सांगा ना!" मग दत्ता जिलेबीच्या स्वप्नात, डोळे मिटलेले, पाय पेडलवर... मी नक्कलही करतो. माणसं लोळतात. दत्ताही हसतो, उरलेल्या बोटांनी टाळी देतो.

मशीनवर तो पुन्हा गेला नाही. आता करी रोडच्या एका टॉवरच्या गेटवर असतो. मागे त्याच्या नातीचं बारसं झालं. सुनेने बाळ पुढे केलं, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माझ्या हातात नको गो, पडात ता." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आता गोष्ट झालीच पाहिजे. आणि मी सांगितली — रंगवून सांगितली. बाळ तोवर दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं.

मशीनना शिकवलं ते मला जमलं नाही. मी बिघडलो, तो माझ्याच बाजूने.

येत्या गणपतीत पोरं गोष्ट मागतील. मी सांगणार आहे — दत्ता समोर बसलेला असताना, माळेपासून. कुणी हसणार नाही, ठाऊक आहे.

तार मी जोडली होती. दत्ताच्या हातात कधीच खोट नव्हती.